‘डमास्कस नळी म्हणजे फुटणारच’ हे खरं नाही

बाहेर घोडा (हॅमर) असलेल्या जुन्या इंग्लिश दुनळी बंदुकीबद्दल एक समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: नळीवर नागमोडी नक्षी दिसली की ती डमास्कस, आणि धूररहित (नायट्रो) बंदुकीच्या दारूचं काडतूस घातलं की फुटणारच. हे सरसकट खरं नाही.

लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, गजाभोवती गुंडाळून ठोकल्या की ही नक्षी उमटते. अशा कित्येक नळ्या लंडन आणि बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमध्ये, म्हणजे बंदुका तपासणाऱ्या संस्थांमध्ये, धूररहित दारूच्या चाचणीत उत्तीर्ण झाल्या आहेत. नळ्या काढून बुडाची सपाट बाजू उजेडात धरा. ‘नायट्रो प्रूफ’ अशी अक्षरं अनेकदा तिथेच ठोकलेली सापडतात.

पण शिक्का जुना असतो. नंतर कुणी नळी आतून घासली, गंज खोल गेला, नळीची भिंत पातळ झाली, तर त्यावर विसंबू नका. हे पोलादी नळीलाही तितकंच लागू आहे! शिवाय अनेक जुन्या बंदुकांचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, अडीच इंची असतं. त्यात पावणेतीन इंची काडतूस बसल्यासारखं वाटतं, पण उडाल्यावर दाब वाढतो. म्हणून नक्षीवरून निकाल देऊ नका. जाणत्या बंदूक कारागिराकडून भिंतीची जाडी आणि चेंबर मोजून घ्या, मगच बार काढा.