क्लॅपची पाटी केवळ मुहूर्तापुरती नसते

पणजीच्या फोंताइन्हास परिसरात चित्रीकरण लागले की बघ्यांमध्ये एक समज हमखास ऐकू येतो: क्लॅप देणारा, म्हणजे शॉट सुरू होताना कॅमेऱ्यासमोर क्रमांक लिहिलेली पाटी आपटणारा, हा सेटवरचा सर्वांत बिनकामाचा माणूस आणि पाटी आपटणे हा मुहूर्ताच्या नारळासारखा निव्वळ उपचार. इफ्फी हा भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून गोव्यात भरत असूनही हा समज टिकून आहे, याचे वाईट वाटते. कारण तो साफ चुकीचा आहे.

चित्र कॅमेऱ्यात आणि आवाज बहुधा स्वतंत्र यंत्रावर नोंदला जातो. पाटीच्या दोन फळ्या ज्या फ्रेममध्ये मिटतात, तिच्याशी तो ‘खट्’ आवाज जुळवला की पुढचे संवाद ओठांशी नेमके बसतात. पाटीवरचे दृश्य, शॉट किंवा टेकचे (त्याच शॉटच्या प्रत्येक चित्रीकरणाचे) क्रमांक चुकले, तर संकलकाला हवा तो टेक शोधत बसावे लागते. सुरुवातीला क्लॅप राहून गेल्यास तो शॉटच्या शेवटी, पाटी उलटी धरून, दिला जातो. आवाज नोंदवायचाच नसेल, तर फळ्या मिटू नयेत म्हणून मध्ये बोटे धरतात. आपल्याकडे हे काम बहुतेकदा साहाय्यक दिग्दर्शक करतो, ब्रिटन-अमेरिकेत ते कॅमेरा विभागाकडे असते. चित्र आणि आवाज दोन्हींवर वेळेची नोंद करणारा टाइमकोड आला, तरी पडताळणीसाठी पाटी लागतेच.