पावसावरची शेती आणि हिब्रू धर्मग्रंथांतील अन्नदाता देव : पार्श्वभूमी

देव अन्न पुरवतो हा विश्वास हिब्रू धर्मग्रंथांत पानोपानी आढळतो. पण तो ज्या जमिनीत रुजला, ती जमीन नजरेसमोर ठेवल्याशिवाय त्यातील ताण कळत नाही. इजिप्तची शेती नाईलच्या पुरावर आणि मेसोपोटेमियाची कालव्यांवर उभी होती. प्राचीन इस्राएली लोकांच्या यहूदा आणि एफ्राईम या डोंगराळ मुलखात मात्र असा आधार नव्हता, कारण यार्देन (जॉर्डन) नदी खोल दरीतून वाहते आणि तिचे पाणी वरच्या शेतांना चढवण्याची सोय त्या काळी नव्हती. उतारावर दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्यांची शेती आणि खडकात खोदलेली पाण्याची टाकी एवढेच शेतकऱ्याच्या हाती होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरातील पहिल्या पावसाने जमीन भिजली की पेरणी होई, मार्च-एप्रिलमधील शेवटच्या पावसाने दाणा भरे आणि त्यानंतरचा उन्हाळा संपूर्ण कोरडा जाई. जेरुसलेमला वर्षाकाठी सरासरी सुमारे ५५० मिलिमीटर पाऊस पडतो, तर तेथून तीस किलोमीटरच्या आत असलेल्या मृत समुद्राच्या काठी १०० मिलिमीटरही पडत नाही. सुगी आणि दुष्काळ यांतील अंतर इतके थोडे होते.

अनुवाद या ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात हाच फरक स्पष्ट शब्दांत मांडला आहे. मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, भाजीच्या मळ्याला द्यावे तसे पायाने पाणी द्यावे लागे. पुढचा देश, म्हणजे कनान, मात्र आकाशातून पडणारे पाणी पिणारा, डोंगर-खोऱ्यांचा आहे, असे तेथे सांगितले आहे. लगेच पुढे अटही येते : आज्ञा पाळल्या तर आगोटीचा (पहिला) आणि वळवाचा (शेवटचा) पाऊस वेळेवर पडेल, अन्य देवांच्या मागे लागलात तर आकाश बंद होईल. शेतीची अनिश्चितता येथे देव आणि लोक यांच्या कराराचा भाग बनते.

या शेतीचे वर्ष कसे चाले, याचा एक फार जुना पुरावा गेझेर येथे १९०८ मध्ये पुरातत्त्वज्ञ मॅकॅलिस्टर यांच्या उत्खननात सापडला. चुनखडीच्या त्या छोट्या पाटीवर, जी साधारणपणे इ. स. पू. दहाव्या शतकातील मानली जाते, फळे गोळा करण्याचे दोन महिने, पेरणीचे दोन, उशिराच्या पेरणीचे दोन, मग जवस, सातू आणि उरलेले धान्य काढण्याचा एकेक महिना, द्राक्षवेलींच्या मशागतीचे दोन आणि उन्हाळी फळांचा एक असे वर्ष नोंदलेले आहे. तीन मोठे सण याच चक्रात बसतात : बेखमीर भाकरीचा सण सातूच्या कापणीशी, सप्ताहांचा सण गव्हाशी आणि मंडपांचा सण वर्षअखेरच्या साठवणीशी जोडलेला आहे.

पाऊस नेमका कोण देतो, हा त्या प्रदेशातील खरा वादाचा प्रश्न होता. सीरियाच्या किनाऱ्यावर रास शाम्राजवळ १९२८ मध्ये एका शेतकऱ्याच्या नांगराला जुन्या थडग्याचा दगड लागला आणि पुढच्या वर्षी सुरू झालेल्या उत्खननातून उगारित हे नगर उजेडात आले. तेथील मातीच्या पाट्यांवरील कथांत बआल हा वादळाचा आणि पावसाचा देव आहे. मृत्युदेवता मोतपुढे तो पडतो, तेव्हा शेते भेगाळतात. हे वाचल्यावर इस्राएलचा राजा अहाब याच्या काळातील एलीया संदेष्ट्याची कथा अधिक धारदार होते, कारण दुष्काळाची घोषणा करून तो बआलाला त्याच्याच क्षेत्रात आव्हान देतो. (कोकणातील बेने इस्रायल हा यहुदी समाज याच एलीयाच्या नावाने पोहे, खोबरे आणि फळांचा मलिदा करतो, हे मराठी वाचकाने आवर्जून ध्यानात ठेवावे.) इ. स. पू. आठव्या शतकात होशेय संदेष्ट्याच्या तोंडून देवाची तक्रारही हीच आहे : धान्य, द्राक्षारस आणि तेल मीच दिले, हे लोकांना उमगले नाही.

तथापि, देवाने पुरवणे म्हणजे माणसाने हात जोडून बसणे, असे हे ग्रंथ कोठेही म्हणत नाहीत. इजिप्त सोडून आलेल्या लोकांना अरण्यात रोज सकाळी मिळणारा मान्ना, म्हणजे देवाने पाठवलेले अन्न, साठवला तर त्यात किडे पडत. पण कनान देशातील बेखमीर भाकरी आणि हुरडा लोकांनी खाल्ला, त्याच्या दुसऱ्या दिवशी तो मान्ना बंद झाला, असे यहोशवाच्या ग्रंथात म्हटले आहे. यापुढचे अन्न नांगरातून यायचे होते. यशयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात तर शेतकऱ्याचे कसबच देवाची शिकवण ठरते : जिऱ्यावर मळणीचे चाक फिरवत नाहीत, ते काठीने झोडतात, हे शहाणपणही त्याच्याकडूनच आलेले आहे.

माझ्या मते या परंपरेचे सर्वांत मोलाचे पाऊल याच्या पुढचे आहे. पाऊस देवाचा असेल तर जमीनही त्याचीच, आणि शेतकरी तिच्यावरचा उपरा, असे लेवीय ग्रंथाचा पंचविसावा अध्याय सांगतो. त्यातूनच पिकावर इतरांचा हक्क निर्माण होतो. शेताचे कोपरे कापायचे नाहीत, गळालेली कणसे उचलायची नाहीत, विसरलेली पेंढी आणायला परत जायचे नाही; तो सरवा गरीब, परका, विधवा आणि पोरका यांचा. बेथलेहेमच्या शिवारात परदेशी, मवाबी विधवा रूथ सरवा वेचते, तेव्हा शेतमालक बवाज आपल्या गड्यांना पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसे टाकायला सांगतो आणि संध्याकाळी तिच्या पदरी सुमारे एक एफा (धान्याचे एक माप) सातू पडतात. तिच्यापुरते दैवी भरणपोषण ते हेच.

सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवण्याचा नियम सर्वांत कठीण होता. ‘सातव्या वर्षी आम्ही काय खावे?’ हा शेतकऱ्याचा प्रश्न ग्रंथाने स्वतःच नोंदवला आहे आणि सहाव्या वर्षी तीन वर्षांपुरते पिकेल, असे उत्तर दिले आहे. नियम नेहमी पाळला जात नसावा. इतिहासाच्या दुसऱ्या ग्रंथाच्या अखेरीस बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासाची वर्षे म्हणजे जमिनीने आपले बुडालेले शब्बाथ, म्हणजे विसाव्याचे काळ, भरून घेणे, असे म्हटले आहे. मात्र बंदिवासातून लोक परतल्यानंतर तो नियम खरोखरच पाळला जाऊ लागला. इ. स. पू. दुसऱ्या शतकात बेथ-सूर या ठाण्याच्या वेढ्यात अडकलेल्या यहुद्यांना शब्बाथ (पडीक) वर्षामुळे धान्य संपून ठाणे सोडावे लागले, असे मक्काबींच्या पहिल्या ग्रंथात नमूद आहे. पुढे ज्युलियस सीझरने यहुद्यांवर बसवलेल्या खंडणीतून सातवे वर्ष वगळले, आणि त्या वर्षी ते पेरणी करत नाहीत व झाडांची फळेही उतरवत नाहीत हे कारण इतिहासकार जोसेफसने उतरवून ठेवलेल्या त्या फर्मानातच दिलेले आहे.