खपली, शाळू आणि गिरणीतला एक ग्रॅम

कृष्णाकाठच्या खपली गव्हाला अलीकडे पुन्हा चांगले दिवस आले आहेत. सांगली, सातारा आणि कोल्हापूर या पट्ट्यात सणासुदीच्या खिरीपुरता, हुग्गीपुरता उरलेला हा लालसर गहू आता पुण्या-मुंबईच्या दुकानांत चढ्या भावाने विकला जातो, आणि त्याच्या पिशवीबरोबर खपलीत ग्लुटेन नसते हा समजही घरोघरी पोचतो. हा समज साफ चुकीचा आहे. निरोगी माणसाचे त्यामुळे काही बिघडणार नाही, पण ज्याला सीलिअ‍ॅक आजार आहे, म्हणजे ग्लुटेनमुळे ज्याच्या लहान आतड्याला इजा होते, त्याच्यासाठी तो धोक्याचा आहे.

गव्हाच्या कणकेला जो ताण असतो, तो ग्लायडिन आणि ग्लुटेनिन या दोन प्रथिनगटांमुळे. पाणी घालून मळले की त्यांचे जाळे विणले जाते आणि त्यालाच ग्लुटेन म्हणतात. कणकेचा गोळा वाहत्या पाण्याखाली चोळत धुतला, तर पिठूळ पांढरा भाग निघून जातो आणि हातात रबरासारखा चिवट लगदा राहतो, तो जवळजवळ निव्वळ ग्लुटेनचा असतो. या प्रथिनांत प्रोलीन आणि ग्लुटामीन ही अमिनो आम्ले फार असल्यामुळे आपले पाचकरस ती पूर्णपणे तोडू शकत नाहीत. काही लांब तुकडे तसेच लहान आतड्यात पोचतात. २००२ मध्ये संशोधकांनी असा ३३ अमिनो आम्लांचा एक तुकडा वेगळा करून दाखवला, जो जठरातील आणि आतड्यातील विकरांना दाद देत नाही. बहुतेकांच्या शरीरात त्याचे काहीच घडत नाही. ज्यांच्याकडे डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ या नावाने ओळखली जाणारी जनुकीय ठेवण आहे, त्यांच्यापैकी थोड्या लोकांत मात्र प्रतिकारयंत्रणा या तुकड्यांना शत्रू समजते आणि त्या लढाईत स्वतःच्याच आतड्याचे अस्तर पोखरते. अन्नरस शोषून घेणारे सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात, आणि मग पोटभर जेवणाऱ्या माणसालाही लोह, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे पुरत नाहीत.

खपलीविषयीच्या समजाला एक अर्धे खरे कारण आहे. रोजच्या पोळीच्या गव्हात गुणसूत्रांचे तीन संच असतात, खपलीत दोनच. तो ३३ अमिनो आम्लांचा तुकडा देणारी जनुके तिसऱ्या संचावर असतात, त्यामुळे खपलीत तो सहसा सापडत नाही. पण उरलेल्या दोन संचांवरही प्रतिकारयंत्रणेला डिवचणाऱ्या ग्लायडिनची जनुके आहेतच. खपलीची पोळी काही जणांना हलकी वाटते, हे मी नाकारत नाही; मात्र सीलिअ‍ॅकच्या रुग्णाला ‘जुने वाण आहे, चालेल’ असे सांगणे म्हणजे त्याच्या आतड्याशी खेळणे आहे.

गव्हाचा आणि या आजाराचा संबंध मुळात उघड झाला, तो एका दुष्काळामुळे. लंडनचे डॉक्टर सॅम्युअल गी यांनी १८८८ मध्ये या आजाराचे नेमके वर्णन केले आणि उपचार आहारातच असणार, असेही म्हटले. पण आहारातील कोणता पदार्थ, हे पुढे अर्धशतकाहून अधिक काळ कळले नाही. हेगचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, नेदरलँड्समध्ये ब्रेड मिळेनासा झाला, तेव्हा त्यांचे आजारी बालरुग्ण सुधारले, आणि युद्ध संपून ब्रेड परत आल्यावर पुन्हा खालावले. डिके यांनी १९५० मध्ये उट्रेख्ट विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात गहू, राय (युरोपात पिकणारे गव्हासारखे धान्य) यांसारखी धान्ये बंद करण्याचा उपचार मांडला, आणि आजही या आजारावर त्याहून वेगळा खात्रीचा उपचार नाही.

जगात साधारण शंभरांत एकाला हा आजार असतो. भारतात उत्तरेच्या गहू खाणाऱ्या प्रदेशांत प्रमाण त्याच्या आसपास आहे, तर दक्षिणेत ते खूपच कमी आढळले आहे. आपल्याकडे अनेकदा तो ओळखलाच जात नाही, कारण नेहमी जुलाबच होतील असे नसते: वर्षानुवर्षे न हटणारा रक्तक्षय, न वाढणारी उंची, ठिसूळ हाडे किंवा वारंवार होणारा गर्भपात अशा रूपांतही तो समोर येतो. निदानासाठी आधी रक्तातील टीटीजी या, आजारात वाढणाऱ्या प्रतिपिंडांची तपासणी होते आणि मोठ्या माणसांत बहुधा दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून खात्री केली जाते. ही तपासणी गहू खाणे चालू असतानाच व्हायला हवी. आधीच महिनोन् महिने पोळी सोडून मग मिरजेला डॉक्टरांकडे गेले, तर प्रतिपिंडे उतरलेली असतात, अस्तर भरून येऊ लागलेले असते आणि अहवाल खोटा दिलासा देतो.

आजार नसतानाही पोळी सोडल्यावर पोट हलके झाले असे सांगणारे बरेच भेटतात. त्यांचा अनुभव खोटा नाही, पण आरोपी कदाचित दुसराच असतो. गव्हात फ्रुक्टान नावाची साखरसाखळी असते. ती लहान आतड्यात पचत नाही आणि मोठ्या आतड्यात तिच्यावर जिवाणू तुटून पडले की वायू होतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील एका प्रयोगात, स्वतःला ग्लुटेन बाधते असे मानणाऱ्या ५९ जणांना नकळत कधी ग्लुटेन, कधी फ्रुक्टान आणि कधी यांपैकी काहीच नसलेला खाऊ दिला गेला. तक्रारी वाढल्या त्या फ्रुक्टानने. आता हे फ्रुक्टान कांद्यात आणि लसणात भरपूर असते, आणि सांगली-सातारा या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत कांदा-लसूण मसाल्याशिवाय आमटीला रंग चढत नाही. पोळी बंद करून तिखटाचा डबा तसाच चालू ठेवणाऱ्याचे पोट अधूनमधून का फुगते, याचे उत्तर तिथे शोधायला हरकत नाही. ज्यांना कोणतीही तक्रार नाही, त्यांनी केवळ फॅशन म्हणून गहू सोडल्याने प्रकृती सुधारते, याला चांगला पुरावा नाही.

ज्यांना मात्र गहू, जव आणि राय कायमचे सोडायचे आहेत, त्यांच्यासाठी सांगली-साताऱ्याइतका सोयीचा मुलूख शोधून सापडणार नाही. माण, खटाव, आटपाडी, कवठे महांकाळ आणि जत या कमी पावसाच्या तालुक्यांत शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, आणि बाजरी हीच पिढ्यान्‌पिढ्यांची धान्ये आहेत. पाटण-जावळीच्या डोंगरात नाचणी आणि वरी आहे, मावळतीच्या पाऊसपट्ट्यात भात आहे. ज्वारीतील काफिरिन हे प्रथिन गव्हाच्या ग्लायडिनपेक्षा वेगळ्या घडणीचे असल्याने सीलिअ‍ॅकच्या रुग्णांना ते बाधत नाही. ग्लुटेन नसल्यामुळे शाळवाच्या पिठाला ताण नसतो, म्हणून तर भाकरीला आधणाचे पाणी लागते: साधारण सत्तर अंशांच्या पुढे पिठातील स्टार्च फुगून चिकट होतो आणि ग्लुटेनचे काम तो निभावतो. दळण जुने झाले की पिठाची विरी जाते, थापताना कडेला चिरा पडतात आणि काठवटीतली भाकरी तव्यापर्यंत धड पोचत नाही. ज्वारीत लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते, डाळी-कडधान्यांत ते भरपूर असते. भाकरीबरोबर पिठले किंवा मटकीची उसळ खाण्यामागे नुसती चव नाही.

अडचण धान्याची नाही, गिरणीची आहे. ग्लुटेनमुक्त म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसावे, अशी मर्यादा आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही घातली आहे. एक ग्रॅम गव्हाच्या पिठात साधारण ८० ते १०० मिलिग्रॅम ग्लुटेन असते. म्हणजे पाच किलो शाळवाच्या दळणात चिमूटभर, एक ग्रॅम गव्हाचे पीठ मिसळले की ती मर्यादा जवळजवळ गाठली जाते. आणि आधीच्या गिऱ्हाइकाचे गव्हाचे दळण झाल्यावर दगडांच्या फटीत आणि कापडी नळीत एक ग्रॅम नव्हे, मूठभर पीठ अडकलेले असते. बाजारातून आणलेल्या ज्वारीतही गव्हाचे दाणे येतात. गव्हाचा एक दाणा अंदाजे ४० मिलिग्रॅमचा आणि त्यात ग्लुटेन सुमारे चार मिलिग्रॅम, म्हणजे किलोभर शाळवात पाच दाणे पुरे. म्हणून ताटात पसरून, नजरेखालून घालून निवडणे आणि घरघंटीवर फक्त ग्लुटेन नसलेलीच धान्ये दळणे हाच खरा उपाय. घरघंटी परवडत नसेल, तर काही कुटुंबांनी मिळून एक घेणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. उपवासाची भाजणी गव्हावर दळू नये, असे गिरणीवाल्याला बजावण्याची सवय आपल्याकडे आहेच. तीच ताकीद इथे औषधाइतकी महत्त्वाची ठरते.

स्वयंपाकघरातील दुसरा चोर म्हणजे हिंगाची डबी. बाजारातील बांधानी हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचे पीठ असते, त्यामुळे वेष्टनावरील घटक वाचल्याशिवाय फोडणीत हिंग घालू नये. तांदळाच्या पिठात किंवा डिंकात बांधलेला हिंगही मिळतो. मेतकुटात आणि थालिपिठाच्या भाजणीत अनेक घरांत गहू पडतो, सातूच्या पिठात गहू किंवा जव असतो, आणि कुरडया तर गव्हाच्याच चिकाच्या. सांगलीचे भडंग चुरमुऱ्यांचे असल्याने निर्धोक वाटते, पण त्याच्याही फोडणीतल्या हिंगाची चौकशी करावी लागते. जत्रेच्या किंवा लग्नाच्या पंगतीत आमटी आणि भात एवढेच वाढून घेतले, तरी पोळीच्या पिठाने माखलेल्या हातांनी ते वाढले जात नाही ना, हे पाहावे लागते. हे सारे पाहुण्याला आणि यजमानालाही अवघडल्यासारखे होते, पण त्याला इलाज नाही.

‘ग्लुटेन फ्री’ शिक्क्याची बिस्किटे आणि ब्रेड हा या आहाराचा पाया होऊ नये. ते बहुधा तांदळाचे, टॅपिओकाचे किंवा मक्याचे स्टार्च वापरून केलेले असतात. त्यांत तंतुमय भाग कमी आणि साखर-तूप जास्त असते. आतड्याचे अस्तर भरून येत असताना शरीराला भरीव अन्न हवे असते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तर गाईच्या शंभर ग्रॅम दुधात साधारण १२०. नाचणीतील सगळे कॅल्शियम शोषले जात नाही हे खरे, पण मोड आणून दळल्यास त्यातील कॅल्शियमला अडवणारे फायटेट घटते आणि शोषण सुधारते. बाजरीतील लोहासाठी जेवणात लिंबू पिळावे आणि जेवणाला लागूनच चहा घेऊ नये, कारण चहातील टॅनिन लोहाला अडवते.

व्यायामाची गोष्ट इथे वेगळी काढता येत नाही. निदान उशिरा झालेल्या रुग्णांची हाडे विरळ झालेली असतात, आणि हाडे दाट होण्यासाठी कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाइतकीच त्यांच्यावर वजनाच्या दाबाची गरज असते. सकाळी अजिंक्यतारा चढून उतरणे किंवा सांगलीच्या आमराईत झपाट्याने फेऱ्या मारणे तसा दाब देते, पोहणे मात्र फारसा देत नाही. साताऱ्यात यवतेश्वर घाटातून होणाऱ्या २१ किलोमीटरच्या डोंगरी अर्धमॅरेथॉनमुळे धावणाऱ्यांची संख्या वाढली आहे, आणि त्यांतले काही जण गहू सोडताना नकळत पिष्टमय अन्नच निम्म्यावर आणतात. घाटाच्या चढणीवर स्नायू प्रामुख्याने ग्लायकोजेनवर, म्हणजे पिष्टमय अन्नातून शरीरात साठलेल्या साखरेवर, चालतात. आदल्या रात्री भाकरी किंवा भात पोटभर नसेल, तर थकवा येतो आणि त्याचा दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो. सीलिअ‍ॅकचे निदान ताजे असेल, तर हिमोग्लोबिन सावरेपर्यंत चालण्यावरच भागवावे आणि मग धावावे.

आहार सुरू केल्यावर टीटीजीची पातळी काही महिन्यांत उतरू लागते, म्हणून डॉक्टर साधारण सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षाला ती पुन्हा तपासतात. ती उतरत नसेल तर आजार हट्टी आहे असे समजण्याआधी गिरणी, हिंग आणि पोळपाट-लाटणे यांची झडती घ्यावी. रुग्णाचे आईवडील, भावंडे आणि मुले यांच्यात हा आजार असण्याची शक्यता साधारण दहांत एक इतकी असते, त्यामुळे कोणतीही तक्रार नसली तरी त्यांचीही रक्ततपासणी करून घ्यावी लागते, आणि तीही घरातला गहू बंद करण्याआधी.