रुखवताच्या टेबलावरून भिंतीवर

मिश्र माध्यमातल्या, म्हणजे रंगांसोबत कापड, कागद, फोटो लावून केलेल्या चित्रात आजीच्या लुगड्याचा काठ, आजोबांचा फोटो आणि कडेला एखादी चिमणी दिसली की त्या चित्राची वंशावळ पॅरिसपासून सांगितली जाते. ती चूक नाही. १९१२ साली पॅरिसमध्ये पिकासोने वेताची जाळी छापलेलं मेणकापड कॅनव्हासवर चिकटवलं आणि चौकटीच्या जागी दोरखंड गुंडाळला. त्याच वर्षी त्याचा चित्रकार मित्र ब्राक याने लाकडाचे रेषे छापलेला भिंतीचा कागद चित्रात आणला. म्हणजे तिथेही सुरुवात घरातल्या सामानानेच झाली. घर, कुटुंब आणि पक्षी तिन्ही एकत्र पाहायचे तर अमेरिकी कलाकार जोसेफ कॉर्नेलच्या काचेच्या पेट्या पाहाव्यात. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात आई आणि अपंग भावासोबत राहून त्याने त्या केल्या. १९४९च्या सुमारास केलेल्या काही पेट्यांत कागदातून कापलेले पोपट-काकाकुवे आहेत.

पुण्यातल्या चित्रकाराच्या हाताला मात्र दुसरंही वळण असतं. ते लागतं घरातूनच.

जुन्या वाड्यात तसबिरी भिंतीला सपाट टेकवत नसत. खालची कड लाकडी पट्टीवर आणि वरची दोरीने पुढे झुकलेली. जमिनीवर बसलेल्याला चित्र नीट दिसावं, काचेवर चकाकी येऊ नये म्हणून. मागे जी पाचरीसारखी जागा उरे, तिथे चिमण्या गवत, सुतळी, कापूस आणून कोंबत. देव, पूर्वज आणि पाखरं एकाच खिळ्याला! आता फ्रेम भिंतीला चिकटून बसते आणि खिडक्यांना जाळ्या असतात, त्यामुळे नव्या चित्रांतली चिमणी बहुतेकदा आठवणीतून आलेली असते.

त्या तसबिरीही नुसत्या छापील राहत नसत. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या छापील चित्रांवर घरोघरी जरीचे धागे, चमकी, मणी आणि कापडाची वस्त्रं चढवली जात. हे मिश्र माध्यमच; फक्त कुणी कलादालनात टांगलं नाही. चैत्रांगणाच्या रांगोळीत मोर, पोपट, पाळणा, फणी शेजारी शेजारी येतात. पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्ते, पाय घासायच्या वज्री आणि दिवे कलावस्तू म्हणून मांडलेले दिसतात. दिनकर केळकरांनी त्या संग्रहाला आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव दिलं.

पण खरी शाळा रुखवताची. सुपारीची वरात, कापसाचे हंस, तांदळाचा बंगला, लवंग-वेलचीचे दागिने: घरातल्या बायका मिळून हे करत आणि त्यात पुठ्ठ्याचं घर व पोपटाची जोडी हमखास असे. अडचण एवढीच की रुखवत टिकायचं ते लग्नापुरतं. चित्र पन्नास वर्षं टिकावं अशी अपेक्षा असते. मिश्र माध्यमातली बहुतेक कामं बिघडतात ती रुखवताची पद्धत चित्राला लावल्यामुळे. तांदळाला सोंडे लागतात, डाळीला भुंगे, चिकटवायच्या खळीला कसर.

चित्र टिकवायचं तर खळ मैद्याऐवजी गव्हाच्या स्टार्चची करावी, कारण मैद्यातला चिकट भाग काळाने तपकिरी पडतो. एक वाटी स्टार्चला पाच वाट्या पाणी, मंद आच, आणि पांढरेपणा जाऊन अर्धपारदर्शक होईपर्यंत सतत ढवळणं. गार झाली की गाळून घ्यावी. एक-दोन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढीच करावी. पुस्तकबांधणीवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) घालत. त्याने कीड जाते हे खरं, पण तांब्याच्या अंशाने कागद लवकर ठिसूळ होतो, शिवाय ते विषारी आहे. चित्राच्या खळीत नको.

ओला कागद फुगतो आणि वाळताना आकसतो, त्यामुळे एकाच बाजूने चिकटवलेला पुठ्ठा वाकतो. मागच्या बाजूलाही तेवढ्याच वजनाचा कागद लावून सपाट वजनाखाली रात्रभर ठेवला की तो सरळ राहतो. पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत १९४० पासून कागद बनतो. तिथला सुती चिंध्यांचा कागद वर्तमानपत्राच्या कागदासारखा पिवळा पडत नाही.

मूळ फोटो कधीच चिकटवू नये. त्याची प्रत काढावी. साध्या इंकजेटची शाई खळीच्या ओलाव्याने फुटते, म्हणून पिगमेंट शाईची (रंगकण असलेल्या, पाण्याने न फुटणाऱ्या शाईची) छपाई घ्यावी आणि तीही आधी एका तुकड्यावर चिकटवून पाहावी. काच फोटोला टेकू देऊ नये: पावसाळ्यात आतून दमटपणा धरतो आणि फोटोचा थर काचेलाच चिकटतो. मधे ८ ते १० मिलिमीटरची पट्टी पुरते.

लुगड्याचा काठ चिकटवण्यापेक्षा शिवावा. चांदीची जर गंधकाने काळी पडते, आणि काही रबरी गोंदांत गंधक असतं. जुनं रेशीम घडीवर फाटतं. त्याला मागून धुतलेलं सुती कापड लावून बारीक धावदोरा घालावा. गोधडी हीच घरातली एक कला जी मुळात वर्षानुवर्षं वापरायला केली जाई, आणि तिचा टाका इथे उपयोगी पडतो.

राहिली पिसं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे, आणि रानपक्ष्यांची पिसं, अंडी, घरटी उचलून चित्रात लावणं अंगाशी येऊ शकतं. मोराच्या आपोआप गळलेल्या पिसांना देशात सवलत आहे, परदेशी पाठवायला नाही. कोंबडीची किंवा बदकाची पिसं घेतली तर हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवावीत, म्हणजे त्यातली कीड मरते. सुगरणीचा खोपा हवाच असेल तर काथ्या आणि सुतळी वळून करावा. कायद्याचा प्रश्न येत नाही आणि किड्यांचाही नाही.