केनेडी हत्या: कट आणि लपवाछपवी यांतला फरक
२२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांची गोळ्या घालून हत्या झाली. दोनच दिवसांनी आरोपी ली हार्वे ओस्वाल्ड हा पोलिसांच्या ताब्यात असतानाच जॅक रूबी या नाइटक्लब मालकाने त्याला ठार केले, त्यामुळे या खुनाचा खटला त्याच्यावर कधी चाललाच नाही. ओस्वाल्डने हे कृत्य एकट्याने केले, असा निष्कर्ष हत्येच्या चौकशीसाठी नेमलेल्या वॉरन आयोगाने सप्टेंबर १९६४ मध्ये दिला. तो न पटलेले लोक आजही म्हणतात, की सरकारने माहिती दडवली, त्या अर्थी ते कटात सामील असलेच पाहिजे. या एका विधानात दोन निरनिराळे आरोप मिसळले आहेत. कट हत्येपूर्वी शिजतो आणि त्याचा हेतू खून हाच असतो. लपवाछपवी मात्र हत्येनंतरही सुरू होऊ शकते आणि तिचा हेतू केवळ स्वतःची अब्रू वाचवणे एवढाच असू शकतो.

लपवाछपवी झाली, याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. हत्येच्या काही आठवडे आधी ओस्वाल्डने एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेच्या डॅलस कार्यालयात एक चिठ्ठी दिली होती. तो मारला गेल्यावर ती तिथेच नष्ट करण्यात आली आणि ही गोष्ट लोकांना कळली ती थेट १९७५ मध्ये. त्याहून गंभीर बाब म्हणजे, क्यूबाचे नेते फिडेल कॅस्ट्रो यांना ठार मारण्यासाठी सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेने माफियांशी संधान बांधले होते, हे त्या संस्थेने वॉरन आयोगाला सांगितले नाही. सीआयएचे माजी प्रमुख ॲलन डलेस स्वतः आयोगाचे सदस्य असूनही ते तिथे उघड झाले नाही. क्यूबाशी संबंधित धागे तपासणाऱ्या आयोगापासून नेमके हेच दडवले जावे, हा माझ्या मते अक्षम्य अपराध आहे, आणि लोकांचा अविश्वास त्यातूनच पोसला गेला.

कटाचा पुरावा मात्र इतका भक्कम नाही. अमेरिकी संसदेतील प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीने १९७९ मध्ये ‘बहुधा कट होता’ असे म्हटले खरे, पण त्यामागचा मुख्य आधार पोलिसांच्या बिनतारी संदेशांचे ध्वनिमुद्रण हा होता. त्यात दुसऱ्या बंदूकधाऱ्याच्या गोळीचा आवाज आहे, असे समितीला वाटले होते; पण गोळ्यांचे मानलेले ते आवाज गोळीबारानंतर सुमारे एका मिनिटाने नोंदले गेले असावेत, असे राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या तज्ज्ञांनी १९८२ मध्ये दाखवून दिले. शिवाय सीआयए किंवा एफबीआय हत्येत सामील नव्हती, असे याच समितीने नमूद केले होते, आणि कटाचा दाखला देताना तिच्या अहवालातला हा भाग बहुतेक वेळा गाळला जातो.