सर्कशीतला हत्ती कायद्यातून सुटला कसा?

सर्कशीत आता वाघ-सिंह का दिसत नाहीत हे बऱ्याच जणांना माहितेय, पण हत्ती त्यांच्या नंतरही कितीतरी वर्षं रिंगणात उभा होता आणि तो का उभा होता हे फारसं कुणी विचारत नाही. मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर सर्कशीपेक्षा आपल्याबद्दल जास्त सांगतं.

भारतीय सर्कशीची सुरुवात आपल्याकडचीच. विष्णुपंत छत्रे हे सांगली भागातले, कुरुंदवाड संस्थानात घोड्यांची पागा सांभाळायचे. १८७९ ला चिआरिनीची रॉयल इटालियन सर्कस मुंबईत आली होती, ती यांनी पाहिली, आणि असं सांगतात की भारतीयांना हे जमायला अजून बराच वेळ लागेल असं चिआरिनी म्हणाला आणि छत्र्यांनी ते मनावर घेतलं. २० मार्च १८८० ला ग्रेट इंडियन सर्कसचा पहिला खेळ झाला. पुढे ते केरळात थलसेरीला गेले, तिथल्या कीलेरी कुन्हीकण्णन यांच्याशी ओळख झाली आणि त्यांच्या तालमीतून कसरतपटूंच्या पिढ्याच्या पिढ्या तयार झाल्या. या इतिहासाचा अभिमान मलाही आहे, आणि सर्कशीतल्या माणसांची मेहनत कुणी नाकारू नये.

पण हत्तीची गोष्ट वेगळी. युरोप-अमेरिकेत हत्ती म्हणजे बोटीतून आणलेला परदेशी चमत्कार. आपल्याकडे तो आधीपासूनच होता, संस्थानांचे पीलखाने, म्हणजे हत्तीखाने होते, माहूत होते, देवळात हत्ती, मिरवणुकीत हत्ती, लाकडं ओढायला हत्ती. त्यामुळे तंबूत हत्ती आला तेव्हा कुणाला काही वावगं वाटलंच नाही. उलट तो सगळ्यात कामाचा प्राणी ठरला, सकाळी चिखलात रुतलेली गाडी ढकलायची, संध्याकाळी स्टुलावर बसायचं, क्रिकेट खेळायचं, शंकराच्या पिंडीवर सोंडेने पाणी घालायचं. आणि आपण टाळ्या वाजवायचो.

आता हे शिकवतात कसं? अंकुश, साखळी आणि भीती, बाकी सगळं त्याच्यावर रचलेलं. हत्तीची कातडी जाड दिसते, पण कानामागे आणि पायाच्या वर ती नाजूक असते, अंकुश नेमका तिथेच लागतो, आणि एकदा लागला की नंतर नुसता दाखवला तरी पुरतो. म्हणून खेळात मारताना दिसत नाही. तीन-एक टनांचं जनावर डोक्यावर किंवा मागच्या दोन पायांवर उभं करायचं म्हणजे सांध्यांचं काय होत असेल ते बघा. त्यातही मला वाटतं खेळापेक्षा उरलेले तास वाईट. जंगलात हत्तीण कळपात राहते, रोज मैलोनमैल चालते, मातीवर चालून नखं आणि तळवे आपोआप झिजतात. इथे पुढचा एक पाय आणि मागचा एक पाय साखळीत, खाली फरशी नाहीतर स्वतःच्याच लघवीने ओली झालेली जमीन, मग तळव्याला भेगा, नखांत पू, आणि जागच्या जागी डोलणं सुरू. ते डोलणं बघून लोक म्हणायचे हत्ती खुशीत आहे, गाण्यावर नाचतोय. तो आजार आहे हो, कोंडलेपणाचा.

कायद्याचं बघा. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा होताच. त्याच्या आधारे १४ ऑक्टोबर १९९८ ला केंद्राने अधिसूचना काढली, अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांना खेळासाठी शिकवायचं नाही, दाखवायचं नाही. सर्कसवाले कोर्टात गेले, २००० ला केरळ हायकोर्टात हरले, १ मे २००१ ला सुप्रीम कोर्टातही हरले. मोठा विजय होता तो. पण यादीत हत्ती नव्हताच! वन्यजीव कायद्यात हत्ती वाघाच्याच पंक्तीला, सगळ्यात जास्त संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीत, आणि तरी मालकीचं प्रमाणपत्र घेऊन तो बाळगता येतो, म्हणजे कागदावर वन्य आणि व्यवहारात गुरासारखा. माझं स्पष्ट मत आहे की शेकडो वर्षांच्या सवयीने आपण त्याला जंगली धरलंच नाही, आणि त्याच फटीतून सर्कसवाले पुढे चालत राहिले.

मग वाट निघाली ती आडून. वन्यजीव कायद्याच्या व्याख्येत सर्कससुद्धा प्राणीसंग्रहालयातच मोडते, म्हणजे केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. नोव्हेंबर २००९ मध्ये या प्राधिकरणाने झू आणि सर्कशीतले हत्ती वनखात्याच्या कॅम्पात हलवायला सांगितलं, तेव्हा २६ झू आणि १६ सर्कशी मिळून साधारण १४० हत्ती होते. आदेश निघाला म्हणून लगेच हत्ती हलले असं झालं नाही, पुढच्या वर्षांत तपासण्या झाल्या, एकेका सर्कशीची मान्यता गेली, तेव्हा कुठे साखळ्या सुटायला लागल्या. वाइल्डलाइफ एसओएस या प्राणी सोडवणाऱ्या संस्थेच्या मथुरेजवळच्या केंद्रात आंध्रातल्या सर्कशीतली सुझी आली ती आंधळीच. तमिळनाडूतल्या सर्कशीतून मिया आणि सीता २०१५ ला आल्या, त्यांची सोबतीण रिया मागे राहिली होती, ती काही महिन्यांनी पोचली आणि तिघींनी एकमेकींना लगेच ओळखलं. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ तेच फोटो बघत बसले होते.

अमेरिकेत रिंगलिंग सर्कसच्या हत्तींचा शेवटचा खेळ १ मे २०१६ ला झाला. आपल्याकडे २०१८ ला केंद्राने सर्कशीत कुठलाच प्राणी नको असा मसुदा काढला. पण वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीत मालकीचं प्रमाणपत्र असलेला हत्ती धार्मिक किंवा दुसऱ्या कुठल्याही कारणासाठी नेता येईल अशी सवलत आली, आणि हे कुठलंही कारण कोण तपासणार हे मला अजून कळलेलं नाही. ज्या शिरोळ तालुक्यात कुरुंदवाड आहे त्याच तालुक्यातल्या नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीला तिथून हलवण्यावरून २०२५ ला केवढं रान पेटलं, लोकांचं तिच्यावरचं प्रेम खरंच होतं यात शंका नाही, पण कोर्टासमोरच्या अहवालात पायाच्या जखमा, वाढलेली नखं आणि डोलणं हेच होतं, सर्कशीतल्या हत्तिणींचं असायचं तेच.