65 मिलिमीटरची अट, सततचा पाऊस आणि हेक्टरी मदत : धाराशिवची पार्श्वभूमी

सप्टेंबर 2025 मधील पुराने धाराशिव जिल्ह्यातील भूम आणि परंडा तालुक्यांत पिकांबरोबर दावणीची जनावरेही वाहून गेली. त्यानंतर मदतीच्या रकमेवरून जो वाद झाला, त्याची मुळे या पुरापेक्षा गेल्या दहा वर्षांतील निर्णयांत अधिक आहेत.

इंग्रजी अमदानीत मदत म्हणजे सारा तहकुबी (शेतसाऱ्याची वसुली पुढे ढकलणे), माफी आणि 1884 च्या कायद्याखालील तगाई, म्हणजे फेडावयाचे कर्ज. 1972 च्या दुष्काळात भर रोजगारावर होता. नुकसानीपोटी ठरावीक दराने हेक्टरी रक्कम देण्याची आजची पद्धत मुख्यतः केंद्राच्या आपत्ती निधीच्या निकषांवर उभी आहे. 2015 मध्ये मदतीसाठी पिकाच्या नुकसानीची किमान मर्यादा 50 टक्क्यांवरून 33 टक्क्यांवर आली, हा त्यातील सर्वांत मोठा बदल होय.

मात्र नुकसान 33 टक्क्यांवर गेले तरी ते अतिवृष्टीने झाले, हे आधी ठरावे लागते, आणि खरा गुंता तिथेच आहे. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला, तरच ती अतिवृष्टी मानली जाते. मंडळात अनेक गावे असतात आणि पर्जन्यमापक बहुधा एकाच ठिकाणी असतो, त्यामुळे शिवारात ओढा फुटूनही मापकाजवळ पाऊस कमी पडला, तर ते मंडळ यादीबाहेर राहू शकते. शिवाय सोयाबीन एका दिवसाच्या पावसानेच जाते असे नाही. काढणीच्या तोंडावर आठ-दहा दिवस झड लागून राहिली की शेंगेतच कोंब फुटतात, आणि कोणत्याही दिवशीचा आकडा 65 पर्यंत पोचलेला नसतो. 2022 मध्ये मराठवाड्यात नेमके हेच झाले आणि निकषात न बसणाऱ्या शेतकऱ्यांना ‘विशेष बाब’ म्हणून मदत द्यावी लागली. अखेर एप्रिल 2023 मध्ये राज्याने ‘सततचा पाऊस’ ही स्वतंत्र आपत्ती मानली आणि सलग पाच दिवस रोज किमान 10 मिलिमीटर पाऊस, शिवाय मागील दहा वर्षांच्या सरासरीशी तुलना, अशी कसोटी लावली. निर्णय योग्य होता, पण अपुरा. कारण पाचांपैकी एका दिवशी नोंद 8 मिलिमीटर झाली, तरी चिखलात आडवे पडलेले पीक उभे राहत नाही.

दरांचा प्रवासही सरळ नाही. ऑगस्ट 2022 मध्ये राज्याने मदत केंद्राच्या तेव्हाच्या दराच्या दुप्पट करून जिरायतीसाठी हेक्टरी 13,600 रुपये आणि तीन हेक्टरची मर्यादा ठरवली. मे 2025 मध्ये हे पाऊल मागे घेऊन केंद्राच्या निकषांप्रमाणे 8,500 रुपये आणि दोन हेक्टर लागू झाले, आणि पुढच्या चारच महिन्यांत पूर आला. राज्य सरकारच्या ऑक्टोबर 2025 च्या पॅकेजमध्ये मर्यादा पुन्हा तीन हेक्टर झाली आणि रब्बीसाठी म्हणून हेक्टरी 10,000 रुपये वाढवून जिरायतीची रक्कम 18,500 रुपयांवर गेली. मेमधील माघार टाळली असती, तर निम्मा वाद उद्भवलाच नसता.

पशुपालकांच्या बाबतीत दुधाळ जनावरामागे 37,500 रुपये आणि कमाल तीन मोठी जनावरे, हा केंद्राचा निकष होता. तीनची अट ऑक्टोबरच्या पॅकेजमध्ये काढली गेली. भूम तालुक्यात खव्याच्या भट्ट्यांवर अनेक घरे चालतात. तेथे गोठाभर म्हशी गेल्या, तर जोडधंदा नव्हे, रोजचे उत्पन्नच बुडते, आणि पुरात वाहून गेलेल्या जनावराचा मृतदेह पंचनाम्यापुढे हजर करणे पशुपालकाच्या हाती नसते.

रक्कम आता थेट बँक खात्यावर येते, मात्र त्याआधी पंचनामा, यादी संगणकावर चढणे, शेतकऱ्याला विशिष्ट क्रमांक मिळणे आणि बहुधा ई-केवायसी (आधारद्वारे ओळख पटवणे) असे टप्पे ओलांडावे लागतात. सामाईक सातबाऱ्यावर सर्व खातेदारांची संमती लागते, आणि एखादा भाऊ पुण्या-मुंबईस असेल तर बाकीच्यांचाही हिस्सा अडकून राहतो.